नऊ नंबरच्या टेबलावरचा दिवा

ज्योत्स्ना निकुंभ यांना ग्रंथालयात काहीतरी सुधारणा केल्याशिवाय चैन पडत नसे. गिरणाकाठ महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्या त्याच वर्षी त्यांनी फाटकापाशी पुस्तकं परत टाकायची पेटी बसवून घेतली. खेड्यांतून बसने येणाऱ्या मुलांना नुसतं पुस्तक परत करायला दोन जिने चढायला लागू नयेत, एवढाच हेतू. मग जुन्या प्रश्नपत्रिकांच्या बांधीव फायली आल्या. वसतिगृहातल्या मुलींनी फोनवर मागणी नोंदवली की संध्याकाळी पुस्तक खोलीवर पोचू लागलं. पाण्याचा कूलर आला, खुर्च्यांना गाद्या आल्या.

"मॅडम, आता इथं पाळणाघर तेवढं काढायचं राहिलं," रज्जाकभाई म्हणायचे. रज्जाक पिंजारी हे तिथले परिचर. सव्वीस वर्षं त्यांनी त्याच कपाटांमधून फेऱ्या मारल्या होत्या. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे हे ते संगणकाच्या आधी सांगत, आणि कोण मुलगा कशासाठी येतो हे त्या मुलाच्याही आधी.

२०३९ च्या जूनमध्ये वाचनदिवे आले. बावीस टेबलं, बावीस दिवे. पुण्याच्या एका कंपनीने ते प्रायोगिक तत्त्वावर दिले होते. कंपनीच्या इंजिनियरने सगळ्यांना वाचनकक्षात बसवून ते समजावून सांगितलं.

"आपल्याला वाटतं, वाचताना डोळा ओळीवरून पाण्यासारखा सरकत जातो. तसं नसतं. डोळा झेपा घेतो. एक झेप झाली की साधारण पाव सेकंद थांबतो, तेवढ्यात एखाद-दोन शब्द उचलतो, की पुन्हा झेप. शब्द अवघड असला तर थांबणं लांबतं. वाक्य समजलं नाही तर डोळा उलटा मागे फिरतो. आणि मनाला ताण पडला की बाहुली किंचित मोठी होते, उजेड तेवढाच असला तरी."

हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण ते मोजायचं तर माणसाची हनुवटी चौकटीत टेकवून त्याला बसवावं लागे. या दिव्याच्या गोल कड्यात बारीक कॅमेरे होते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश होता. माणूस हवा तसा बसला, हलला, डोकं खाजवलं तरी दिवा त्याची नजर पानावर कुठे आहे ते ओळखत असे. कोण बसलंय ते त्याला ओळखपत्रावरून कळे. उजेड कमी-जास्त करायचा, ही त्याची पहिली सेवा. दुसरी अशी की वाचक उठून काउंटरवर आला की त्याला एक चिठ्ठी मिळायची: 'पान ११२ अवघड गेलं का? हाच भाग कपाट सातमधल्या निळ्या पुस्तकात सोपा करून दिला आहे.'

मुलं पहिले आठ दिवस हसली आणि मग रांग लावून दिव्याखाली बसू लागली. पदार्थविज्ञानाच्या एका पाठ्यपुस्तकात एकाच पानावर चाळीसपैकी एकतीस जण अडखळतात, हे ज्योत्स्नाबाईंना कळलं. त्यांनी दुसरं पुस्तक मागवलं आणि त्या विषयाचा निकाल सुधारला. पहिल्या वर्षाच्या एका मुलीला सगळे आळशी म्हणत होते. तिची नजर प्रत्येक ओळीत चार-चार वेळा मागे फिरते, तिला अक्षरं ओळखायलाच त्रास होतो, हे तिच्या चिठ्ठीतून कळलं. तिची आई नारळ आणि पेढे घेऊन ग्रंथालयात आली. ज्योत्स्नाबाईंनी त्या दिवशी घरी नवऱ्याला तीन वेळा तीच हकीकत सांगितली.

ऑक्टोबरात पहिली गोष्ट खटकली.

खैरनार सर तासिका तत्त्वावर शिकवत. एके दिवशी ते काउंटरपाशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, प्राचार्यांनी मला बोलावलं होतं. विचारलं, कोर्टात जायचा विचार आहे का? मी तीन दिवस इथं बसून कामगार कायद्याचं पुस्तक वाचलं, बस. बायकोलासुद्धा बोललेलो नाही. त्यांना कसं कळलं?"

"पुस्तक घरी नेलं होतं?"

"नाही ना. इथंच वाचलं, इथंच ठेवलं. नोंदसुद्धा नाही."

पंधरा दिवसांनी वसतिगृहातली एक मुलगी रडत आली. ती नैराश्याविषयीचं एक पुस्तक वाचत होती आणि अधीक्षकांनी अचानक तिची खोली तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणली होती. कारण सांगितलं नव्हतं. पण सगळ्या मुली कारण ओळखून तिच्याकडे बघत होत्या.

म्हणजे इथलं कोणीतरी बाहेर सांगतंय. ज्योत्स्नाबाईंच्या डोक्यात हा विचार आला आणि त्याच्या पाठोपाठ नावही आलं. कोण काय वाचतं हे इथे एकाच माणसाला ठाऊक असतं. तो रोज अकरा वाजता प्राचार्यांच्या ड्रायव्हरबरोबर चहा पितो.

त्या रज्जाकभाईंवर नजर ठेवू लागल्या. ते टेबलांमधून फिरताना उघड्या पुस्तकांकडे बघतात का? बघत होते. सव्वीस वर्षं बघतच होते, पण आता ते दिसायला लागलं. ते फोनवर बोलत कॉरिडॉरमध्ये गेले तर त्या दाराशी जाऊन उभ्या राहत. एकदा ते म्हणाले, "मॅडम, काही हवंय का?" तेव्हा त्या म्हणाल्या, "नाही, वारा घ्यायला आले." दारात वारा नव्हता.

शेवटी त्यांनी विचारलंच.

"रज्जाकभाई, खैरनार सर काय वाचत होते ते तुम्ही कोणाला बोललात का?"

रज्जाकभाई पुस्तकांना चिकटपट्टी लावत होते. त्यांनी पट्टी नीट कापली, बसवली, अंगठ्याने दाबली. मग वर बघितलं.

"मॅडम, तुम्ही मला हे विचारताय?"

"मी सगळ्यांनाच विचारतेय."

"इथं सगळे म्हणजे मीच आहे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज आला. कारणाच्या जागी 'घरगुती' एवढाच शब्द होता.

रज्जाकभाईंशिवाय ग्रंथालय सुनं सुनं वाटू लागलं. तशातच ज्योत्स्नाबाईंच्या मनात आलं, की दिव्यांची नोंद बघायची मुभा कोणाकोणाला आहे ते एकदा तपासावं. त्यांना दिसायचे ते नुसते आकडे, नावं नसत. त्यांनी कंपनीचा करार कपाटातून काढला. अक्षर बारीक, चष्म्याचा नंबर वाढलेला. दुपारी परीक्षेमुळे वाचनकक्ष रिकामा होता, म्हणून त्या नऊ नंबरच्या टेबलावर जाऊन बसल्या. तिथला दिवा आपोआप लागला. चौदाव्या कलमाशी त्या घुटमळल्या. 'वाचकाच्या हितासाठी आवश्यक वाटल्यास निष्कर्ष संबंधितांस कळवले जातील.' संबंधित म्हणजे कोण? त्यांनी ते पुन्हा वाचलं, आणखी एकदा वाचलं, करार मिटून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्य बोरसे यांनी त्यांना बोलावून घेतलं. प्राचार्य हसतमुख माणूस होते.

"निकुंभ मॅडम, बसा. चौदाव्या कलमाबद्दल काही शंका आहे म्हणे तुम्हाला?"

ज्योत्स्नाबाईंचा हात खुर्चीच्या पाठीवरच राहिला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अहो, मला सूचना येतात. सकाळी चहाबरोबर बघतो." त्यांनी फोन पुढे केला. 'ग्रंथपाल. कलम १४ चे तीनदा वाचन. अस्वस्थता: मध्यम. असहमतीची शक्यता: ६७ टक्के. संवाद साधावा.' "म्हणून म्हटलं, संवाद साधावा."

काल दुपारी वाचनकक्षात कोणी नव्हतं. रज्जाकभाई रजेवर होते. त्या एकट्या होत्या, आणि दिवा होता.

"खैरनार सरांचंही असंच कळलं तुम्हाला?"

"अर्थात. बरं झालं ना वेळेवर कळलं ते. बोलून मिटवलं." प्राचार्यांनी एक कागद काढला. "आणि यात लपवाछपवी काही नाही. सगळ्यांनी ओळखपत्र घेताना संमती दिली आहे. 'संबंधितांशी संवाद' ही सेवा आपण जुलैत सुरू केली. तुमच्या सुधारणा समितीच्या यादीत सतरावी. मूल्यांकनाच्या अहवालात तिचे आपल्याला पूर्ण गुण मिळाले."

यादीखाली सही होती. ज्योत्स्नाबाईंची. गाद्या, कूलर, पेटी अशा सोळा ओळींखालची सतरावी ओळ त्यांनी वाचली होती की नाही, तेही त्यांना आठवेना. नाव छान होतं. त्यांना वाटलं असेल, पालकसभेबद्दल काही आहे.

"मला आतापर्यंत गेलेल्या सगळ्या सूचना बघायच्या आहेत."

"बघा ना. तुमच्याच विभागाच्या आहेत."

एक्केचाळीस सूचना होत्या. प्राचार्यांना, अधीक्षकांना, विभागप्रमुखांना, पालकांना. शेवटची त्यांच्या स्वतःविषयीची होती. तिच्या आधीची आदल्या दिवशी दुपारी सव्वा वाजता गेली होती, विलास साळुंके यांच्या फोनवर. 'आपल्या पाल्याच्या वाचनात अवयवदानाविषयी तीव्र भीती आढळते. नकाराची शक्यता: ८१ टक्के. कृपया संवाद साधावा.'

ईश्वरी साळुंके त्यांना माहीत होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, शांत, पुस्तकाला कागदाचं कव्हर घालून परत करणारी. ती त्याच दुपारी आली आणि तिने ओळखपत्र काउंटरवर ठेवलं. डोळे सुजले होते.

"हे घ्या मॅडम. मी इथं परत नाही येणार."

"ईश्वरी, आत चल. बस."

"तुम्ही वाचलंत ना, मी काय वाचत होते ते?"

"मी नाही वाचलं. दिव्यानं वाचलं."

"तेच ते."

ज्योत्स्नाबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. दोन घोट घेऊन ईश्वरी बोलू लागली.

तिचा मोठा भाऊ हर्षल. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा जळगावला डायलिसिस. आईला मधुमेह, वडिलांना रक्तदाब. जुळली ती ईश्वरीची. त्या दिवसापासून घरात सगळे धरूनच चालले होते. ऑपरेशन कधी, कुठे, तेव्हा मोटारदुरुस्तीचं दुकान कोण बघेल, सगळं बोलून झालं होतं.

"मला कुणी विचारलंच नाही मॅडम. आणि विचारा असं म्हणायची मला लाज वाटत होती. सख्खा भाऊ आहे. म्हणून मी इथं येऊन वाचत होते. इथं कुणी विचारत नाही ना, म्हणून."

काल दुपारी चौघं जेवायला बसली होती. वडिलांचे हात खरकटे होते, म्हणून फोन वाजला तेव्हा तो हर्षलने उचलला आणि मोठ्याने वाचला. अर्ध्यावर त्याचा आवाज थांबला. उरलेलं त्याने मनात वाचलं. मग ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाला, "जिला द्यायची नाही तिची मला नको." वडील ईश्वरीवर ओरडले, आई दोघांच्या मध्ये पडली. रात्रीपासून हर्षल कोणाशी बोलत नव्हता. आज डायलिसिसचा दिवस होता, आणि तो गेला नव्हता.

"तुला भीती वाटत होती का?"

"हो. खूप. बाहुली मोठी झाली असेल माझी. पण काल सकाळी ज्या पानावर मी थांबले होते ना, तिथं काय लिहिलं होतं माहितीये? की देणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत माघार घेता येते. डॉक्टर एकटीला खोलीत घेऊन विचारतात, आणि नको म्हटलं तर त्याचं कारण घरच्यांना सांगत नाहीत. मी ते किती वेळा वाचलं काय सांगू. आणि मॅडम, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की द्यावी. कुणी गृहीत धरलंय म्हणून नाही. आता मी देणार, माझी मी. मी संध्याकाळी त्याला सांगणार होते. त्याच्या आधीच दुपारी जेवताना..."

ज्योत्स्नाबाई तिच्याकडे बघत होत्या. आणि त्यांच्या मनात, त्यांना नको असताना, आलं: ही आता असं म्हणतेय. भाऊ रुसला, बाप ओरडला, म्हणून तर म्हणत नसेल? एक्क्याऐंशी टक्के काही उगाच येत नाहीत. क्षणभरच आलं. पण आलं, आणि त्या मनातून शरमल्या. समोर मुलगी बसून सांगते आहे आणि आपण तिच्या डोळ्यांत काहीतरी शोधतो आहोत.

"माझी मोठी चूक झाली, ईश्वरी," त्या म्हणाल्या. "त्या सूचना पाठवायच्या कागदाखाली सही माझी आहे. चल, तुझ्या घरी जाऊ."

साळुंक्यांच्या घरी त्या दोन तास बसल्या. विलास साळुंके सुरुवातीला त्यांच्यावरच भडकले. "पुस्तकं देता की मुलांना भडकवता?" मग थकून खुर्चीत बसले. हर्षल आतल्या खोलीत होता, चेहरा सुजलेला. ज्योत्स्नाबाईंनी त्याला दारातूनच सांगितलं, "यंत्राला एवढंच दिसतं की डोळा थांबला. का थांबला ते नाही दिसत. मग ते अंदाज बांधतं आणि त्याला टक्के लावतं."

"अंदाज बरोबरही असतो ना पण?" हर्षल म्हणाला.

"असतो. पुष्कळदा असतो."

खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. पण निदान डायलिसिसला तो संध्याकाळी गेला. ईश्वरी गाडीत त्याच्या शेजारी बसली.

तिथून ज्योत्स्नाबाई पिंजारगल्लीत गेल्या. रज्जाकभाई ओट्यावर सायकलची साखळी बसवत होते. त्यांनी उठून खुर्ची आणून दिली.

"मी तुमच्यावर संशय घेतला."

"हो."

"चुकलं माझं."

रज्जाकभाईंनी हात पुसले. "मॅडम, खैरनार सरांना ते कायद्याचं पुस्तक मीच काढून दिलं होतं. वरच्या फळीवर होतं, त्यांचा हात पोचेना. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी घरीसुद्धा बोललो नाही." मग आत वळून त्यांनी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून बावीस दिव्यांच्या तारा काढल्या. प्राचार्यांचा हसतमुखपणा त्या दिवशी पहिल्यांदा गेला. "एका घरात भांडण झालं म्हणून तुम्ही चाळीस जणांचा फायदा बंद करणार? ती वसतिगृहातली मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहिली असती आणि काही झालं असतं, तर तुम्ही उत्तर दिलं असतं का?"

"नसतं देता आलं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "पण तिच्याजवळ बसून कोणी बोललं का सर? खोली बदलली फक्त."

त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. व्यवस्थापन मंडळापुढे दोन बैठका झाल्या. शेवटी दिवे राहिले, पण कॅमेरा वाचकाने स्वतः बटण दाबलं तरच सुरू होईल असं ठरलं. बाहेर सूचना पाठवणं बंद झालं आणि जुन्या नोंदी पुसल्याचं कंपनीने लेखी दिलं. ज्योत्स्नाबाईंची नोकरी टिकली. सुधारणा समितीचं काम मात्र त्यांच्याकडून काढून घेतलं. अक्षरं ओळखायला त्रास होणारी ती मुलगी रोज पाच नंबरच्या टेबलावर बसून न चुकता बटण दाबते. तिला तो दिवा हवाच आहे.

डिसेंबरात नाशिकच्या रुग्णालयाच्या समितीने ईश्वरीला बोलावलं. आई-वडील बाहेर बाकावर बसले. तिच्या हट्टामुळे ज्योत्स्नाबाईही गेल्या होत्या. ती आत एकटी गेली, पंचवीस मिनिटांनी बाहेर आली आणि म्हणाली, "भूक लागलीय." आत काय बोलणं झालं ते ज्योत्स्नाबाईंनी विचारलं नाही. जानेवारीत ऑपरेशन झालं. दोघं सुखरूप घरी आले.

मार्चमध्ये एका दुपारी हर्षल ग्रंथालयात आला. तोंडावर मास्क होता. डॉक्टरांनी वर्षभर जपायला सांगितलं होतं. तो काउंटरसमोरच्या खुर्चीवर सावकाश बसला. रज्जाकभाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि ते मागच्या कपाटांकडे निघून गेले.

"मॅडम, तो रिपोर्ट मला बघायला मिळेल का? ईश्वरीचा."

"पुसून टाकलाय तो."

"सगळाच?"

"सगळाच. पण तो बघून काय करणार होतास?"

हर्षल बोटांनी काउंटरची कड चाचपत राहिला. "मी तिला विचारतो. रोज नाही, पण विचारतो. ती हो म्हणते, मनापासून दिली म्हणते. कधी चिडते. आई म्हणते, आता पुरे कर. पण एक्क्याऐंशी म्हणजे थोडं नाही ना मॅडम. रात्री झोपताना तो आकडा येतो. वाटतं, माझ्या पोटात जी आहे ती तिनं दिली, की आम्ही घेतली?" त्याने मान वर केली. "ती त्या दिवशी तुमच्याशी बोलली होती. आम्ही कोणी नव्हतो तेव्हा. काय म्हणाली?"

"ती म्हणाली, 'आता मी देणार, माझी मी.'"

"अशीच म्हणाली? याच शब्दांत?"

"याच शब्दांत."

मास्कवर त्याचे डोळे तेवढे दिसत होते आणि ते हलत नव्हते. ज्योत्स्नाबाईंच्या लक्षात आलं, की तो त्यांचं बोलणं ऐकत नाहीये, त्यांचे डोळे बघतोय. पापणी लवते का, नजर बाजूला जाते का. त्यांना ती दुपार आठवली, ईश्वरीसमोर मनात आलेला तो एक क्षण आठवला, आणि तो आता आपल्या डोळ्यांत दिसत असेल का अशी भीती वाटली. तरी त्यांनी नजर हलवली नाही.

खालून गाडीचा हॉर्न दोनदा वाजला.

"तीच आहे," हर्षल म्हणाला. "तिच्याच गाडीवर मागे बसून आलो. वर येत नाही म्हणाली, तुझं तूच विचारून ये."

"जा मग. खोळंबलीय ती."

तो उठला, जिन्यापर्यंत गेला आणि कठड्याला धरून वळला. "मॅडम, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"वाटायचं काय त्यात? तिनं सांगितलं, मी ऐकलं."

त्याने मान हलवली. त्याला पटलं की नाही ते त्याच्या डोळ्यांवरून ज्योत्स्नाबाईंना ओळखता आलं नाही. त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. जिन्यावरची पावलं खाली जाईपर्यंत त्या उभ्या राहिल्या, आणि मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.